पाण्यात बॅकलॉग नसतो

‘डेंगी एनएस-१ : पॉझिटिव्ह.’ रिपोर्ट हातात पडल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल? आईला फोन? डॉक्टरांना फोन? छे! मोबाइलचं कॅलेंडर उघडलं आणि दिवस मोजले. बरोबर ४०.

चाळीस दिवसांनी मालवणला, चिवला बीचवर, माझी आयुष्यातली पहिली सागरी जलतरण स्पर्धा होती. तीन किलोमीटर! गेले चौदा महिने मी त्यासाठी पहाटे पाचचा गजर लावून उठत होते. शुक्रवारच्या पार्ट्या नऊला सोडून पळत होते. ऑफिसमध्ये तर एवढा गाजावाजा केला होता की बॉससुद्धा मीटिंगमध्ये ‘आमची जलपरी’ म्हणायला लागला होता. टार्गेटही ठरलेलं होतं : एक तास पाच मिनिटं. मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेलं. आणि एका फालतू डासाने सगळ्यावर पाणी फिरवलं.

तापाचे सहा दिवस कसे गेले, सांगत बसत नाही. ज्यांना झालाय त्यांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांना न होवो. मला वाटलं, ताप उतरला म्हणजे सुटलो. डॉक्टर म्हणाले, ‘उलट आता जपायचं. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच डेंगीत धोक्याचे असतात.’ झालंही तसंच. प्लेटलेट्स ५२ हजारांवर आल्या. आईने पपईच्या पानांचा रस, किवी, नाचणीची पेज, जे कोणी सुचवेल ते माझ्या गळी उतरवलं. हळूहळू आकडा वर चढला, दीड लाखाच्या पुढे गेला. डॉक्टरांनी तीन आठवडे पूलला बंदी घातली होती आणि नंतरही ‘अगदी हळूहळू’ असं बजावलं होतं. मी त्यातला ‘तीन आठवडे’ एवढाच भाग ऐकला.

आपण ऑफिसवाली माणसं. आठवडाभर रजेवर गेलो की परत आल्यावर काय करतो? उशिरापर्यंत बसून बॅकलॉग संपवतो. मीही तेच केलं. पहिल्याच दिवशी, स्पर्धेला १९ दिवस असताना, दोन किलोमीटर मारले. पंचवीस मीटरच्या पूलमध्ये ८० लॅप्स. शेवटच्या वीस लॅप्समध्ये हात आपले आहेत की कोणी उसने दिलेत, तेच कळेना. पण अहंकार भारी खूश होता.

त्या रात्री अंथरुणावर पडून छातीतली धडधड ऐकत होते. दुसऱ्या दिवशी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसले. मग तीन दिवस पुन्हा सिक लीव्ह. आई काही बोलली नाही. फक्त माझी पोहण्याची बॅग उचलून माळ्यावर ठेवली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

चौथ्या दिवशी आमच्या कोचना भेटायला गेले. सर कमी बोलतात. त्यांनी आधी विचारलं, ‘सकाळी उठल्या उठल्या नाडी किती असते तुझी?’ आजारापूर्वी ५८. आता ७४.

‘अगं, मग काय करतेयस तू? इंजिन उभ्या उभ्या तापलंय आणि तू घाट चढायला निघालीस!’

मग त्यांनी फंडा समजावून सांगितला. अंथरुणावर पडून राहिलं की काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा अंश कमी होतो. रक्त कमी, म्हणून हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके मारावे लागतात. त्यात हा आजार शरीर पिळून काढतो, थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं : स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत केलेल्या मेहनतीचा फायदा स्पर्धेपर्यंत पोचतच नाही. पोचतो तो फक्त थकवा. म्हणून तर धडधाकट पोहणारेसुद्धा शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणतात.

‘बुडालेली सेशन्स उधारीवर नाहीत,’ सर म्हणाले. ‘ती बुडाली. फेडायची नाहीत. पण चौदा महिन्यांत जे कमावलंस, ते तीन आठवड्यांत जात नाही. ते जपायचं, एवढंच.’

मी विचारलं, ‘आणि एक तास पाच मिनिटं?’

‘ती चिठ्ठी काढून टाक.’

खोटं कशाला बोलू, चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले. आजारपणात रडले नव्हते, पण त्या चिठ्ठीसाठी रडले.

उरलेले १६ दिवस असे ठरले : पहिले चार दिवस पाणी नाही, फक्त चालणं. रोज सकाळी नाडी मोजायची. ६६ च्या वर असेल तर पूलची पायरीही चढायची नाही. मग एक दिवसाआड पाण्यात. पहिल्या दिवशी फक्त ६०० मीटर, तेही पंचवीस-पंचवीसच्या तुकड्यांत, मध्ये हवी तेवढी विश्रांती. मग ८००, मग १२००, मग १८००. या सगळ्यात मधूनमधून पंचवीस मीटरचे दोन-चार स्ट्रेच जोरात, हातापायांना वेग आठवावा म्हणून. शेवटच्या चार दिवसांत एकदाच ५०० मीटर, अगदी सहज. बस्स!

सांगते, दोन किलोमीटर पोहण्यापेक्षा सहाशेवर थांबणं कितीतरी कठीण. बाजूच्या लेनमधली मुलं सपासप जात असतात आणि आपण भिंतीला धरून आजीबाईंसारखे श्वास मोजत उभे! पण त्या संथपणात एक गंमत झाली. इतके महिने मी फक्त लॅप्स मोजत होते. आता स्ट्रोक मोजायला लागले. हात पाण्यात शिरतो कुठे, पाणी पकडतो कधी, कोपर कुठे घसरतं, हे पहिल्यांदाच नीट जाणवलं. आजारापूर्वी एका लॅपला २२ स्ट्रोक लागायचे. चौथ्या सेशनला थांबत थांबत १८०० मीटर झाले, तेव्हा २१ मोजले. दम कमी होता, पण हात शहाणे झाले होते.

डॉक्टरांनी पुन्हा तपासून होकार दिला. तरी सरांनी एक अट घातली. ‘तीन स्ट्रोकला एक श्वास, हे तुझं माप. ते तुटलं की पाठीवर वळायचं आणि वीस श्वास घ्यायचे. त्यानंतरही माप जुळलं नाही, तर हात वर करायचा आणि होडीत बसायचं. कबूल?’

‘कबूल.’ म्हणताना घशात आवंढा आला. होडीत बसायचं? अख्ख्या ऑफिसला काय सांगू?

त्या रात्री मी मार्टेन वान डर वायडेनबद्दल वाचलं. हा डच जलतरणपटू. २००१ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. त्यातून उठला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १० किलोमीटर खुल्या पाण्यातलं सुवर्णपदक घेऊन गेला. ही फिल्मी गोष्ट. पण मला भावली ती पुढची. २०१८ मध्ये तो नेदरलँड्समधल्या अकरा शहरांना जोडणाऱ्या, सुमारे २०० किलोमीटरच्या जलमार्गावर पोहायला उतरला. १६३ किलोमीटर झाल्यावर तब्येत बिघडली आणि तो पाण्याबाहेर आला. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, पुन्हा उतरला आणि मार्ग पूर्ण केला. ऑलिम्पिक चॅम्पियन पाण्याबाहेर येऊ शकतो, तर मी कोण लागून गेले?

डिसेंबरातली ती सकाळ. समुद्र शांत होता, मी नव्हते. पूलमध्ये दर पंचवीस मीटरला भिंत असते. पायाने ढकललं की क्षणभर फुकटची सुट्टी मिळते. समुद्रात भिंत नाही, तळाची निळी रेघ नाही. मगरीसारखे डोळे वर काढून नारंगी फुगा शोधायचा आणि पुन्हा पाण्यात. सगळे मला मागे टाकून गेले. एक शाळकरी मुलगीसुद्धा. जाऊ दिलं.

दोन किलोमीटरच्या आसपास माप तुटलं. तीनला एक श्वास होता, तो दोनला एक झाला. पाठीवर वळले. वर नुसतं आभाळ. एक... दोन... तीन... शेजारी होडी आली. ‘काय गो, बरा आसा मां?’ मी उत्तर दिलं नाही, मोजत राहिले. अठरा... एकोणीस... वीस. वळले. एक स्ट्रोक, दोन, तीन, श्वास. पुन्हा एक, दोन, तीन, श्वास. जुळलं.

एक तास चोवीस मिनिटं. ठरवल्यापेक्षा एकोणीस मिनिटं जास्त. वाळूत पाय टेकले तेव्हा गुडघे लटपटत होते, पण धडधड ओळखीची होती, आजारातली नव्हती. जुळलं नसतं तर मी हात वर केला असता का? हो, केला असता. मला त्या वेळेपेक्षा याच उत्तराचा जास्त अभिमान वाटतो.

सोमवारी ऑफिसमध्ये केक होता. कोणी वेळ विचारलीच नाही! मॉनिटरच्या कडेला आता नवी पिवळी चिठ्ठी आहे. तिच्यावर वेळ नाही, फक्त आकडा आहे : ५८. परवा सकाळी नाडी मोजली, तेवढीच भरली. आता सरांना पुढच्या वर्षाचं विचारायला हरकत नाही.