पिंपळगावची थंडी आणि रुसलेली गाडी

मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिकहून निघालं, की ओझर मागं पडतं आणि साधारण ३० किलोमीटरवर पिंपळगाव बसवंत येतं. निफाड तालुक्यातलं हे गाव कांद्याचं, टोमॅटोचं नि द्राक्षांचं. वणीच्या सप्तशृंगीला जाणारी मंडळीही इथून वळतात. हिवाळ्यात बाजार समितीकडे लाल कांद्याचे ट्रॅक्टर चाललेले असतात आणि आजूबाजूला द्राक्षांचे मांडव. जायचं तर याच दिवसांत जा. पण स्वेटर, शाली विसरू नका हं! निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. मग द्राक्षांना इजा होऊ नये म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात.

अशा पहाटे जुनी गाडीही रुसते. पद्मिनी म्हणा, पहिल्यावहिल्या मारुती म्हणा, या कार्बुरेटरवाल्या गाड्या. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला, नव्या मोटारींत कार्बुरेटर नसतो. तरी हौसेनं जपलेल्या गाड्या अजून आहेतच. ती सुरू होईना, की पुरुष मंडळी बॉनेटपाशी आणि आपण मुलांना घेऊन आत कुडकुडत! का बरं? स्टोव्हला पिन मारणाऱ्या बाईला यात अवघड काहीच नाही.

स्टोव्ह आधी तापवावा लागे, आठवतं ना? त्याशिवाय रॉकेलची वाफ होत नसे. पेट्रोलचंही तसंच. थंडीत त्याची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक पूर्ण ओढायचा. त्यानं हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. स्टार्टर एका वेळी पाचेक सेकंदच मारा, मग अर्धा मिनिट थांबा. इंजिन धरलं, की चोक हळूहळू आत ढकला.

स्टार्टर नुसताच कण्हतोय आणि दिवे मंदावतायत? मग बॅटरी बघा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर गाडी बंद करून तारा सोडवा आणि खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं टोकं पुसून कोरडी करा. ते पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका.

इंजिन फिरतंय, पण पेटत नाही? मग नाकाचा उपयोग करा. पेट्रोलचा भपकारा आला, तर ते जास्त झालंय. दहा मिनिटं थांबा, चोक आत करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा (पुन्हा पुन्हा मारू नका) आणि मग स्टार्टर द्या. वासच नाही, तर पेट्रोल पोचत नाही: टाकी, पंप, नाही तर कार्बुरेटरमधला कचरा. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर कार्बुरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. स्टार्टर थोडा जास्त वेळा मारावा लागतो.

पेट्रोल ठीक असेल, तर ठिणगी बघायची. रात्रभर दव पडलेलं असतं. किल्ली काढून घ्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसा. प्लग काळे, ओले असतील तर तेही पुसून वाळवा.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका, बरं का! कार्बुरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतून स्टार्टर मारणं. इंजिननं उलटा भडका मारला, तर हात-तोंड भाजतं, गाडीही पेटते. बॉनेट उघडं असताना काडी, विडी-सिगरेट जवळ नको आणि मुलं लांब.

मे महिन्यात याच रस्त्यावर उलटी तऱ्हा. तापलेल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी थबकते. तेव्हा चोक नकोच. बॉनेट उघडून सावलीत थांबा, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा.

तेव्हा निघताना डब्याच्या पिशवीत दोन जुनी सुती फडकी, पुडीभर सोडा आणि टॉर्च टाका. गाडी तुम्ही सुरू करून दिलीत, की पुढच्या सहलीला बॉनेटपाशी आधी तुम्हालाच बोलावतील!