दोन लघु शेजारी

साठी उलटलेल्या माणसाने कवितेच्या वर्गात नाव घालावे, हे आमच्या घरी रुचले नाही. "त्यापेक्षा योगासनांना गेला असतात तर गुडघे तरी सुधारले असते," असे हिने सुचवून पाहिले. पण मी वही घेऊन वाचनालयाच्या माडीवर गेलोच.

पहिले दोन आठवडे नुसते मोजण्यात गेले. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ ते गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की मागचा लघुही गुरू होतो. शाळेत घोकलेले 'यमाताराजभानसलगं' पन्नास वर्षांनी पुन्हा तोंडी बसले. मंडईत गेलो तरी मेथी गुरू-गुरू आणि मटार लघु-गुरू-लघु! भाव विचारायचा राहून जाई.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी भुजंगप्रयातात चार ओळी लिहून आणायला सांगितल्या. ओळीत बारा अक्षरे, चार 'य' गण, लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-गुरू. मनाच्या श्लोकांचे हेच वृत्त. दिवेलागणीला लेकीला मांडीवर घेऊन मीच ते तिला शिकवले होते. विषय शोधावा लागला नाही. तिने माझ्या मनाविरुद्ध लग्न केले, त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. ही रात्री दबक्या आवाजात फोनवर बोलते आणि मी ऐकू न आल्याचे सोंग करतो. ती सारी तक्रार मी ओळींत भरली. मुलगी अशी, मुलगी तशी!

बाई माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी वही पाहिली आणि पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ ओढली.

"काका, 'मुलगी' या वृत्तात कुठेच बसायची नाही. दोन लघु शेजारी येतात."

"मग काय करू?"

"तिच्याविषयी लिहू नका, तिलाच हाक मारा. 'मुली'. लघु, गुरू. समर्थांनी तेच केलंय. 'मन' म्हणजे दोन लघु. 'मना' म्हटलं की जमलं."

बाईंना आमच्या घरचे काहीच ठाऊक नव्हते. त्या वृत्ताविषयीच बोलत होत्या.

घरी येऊन कोऱ्या पानावर 'मुली' एवढे लिहिले. पुढे दहा अक्षरे हवी होती. रात्री नऊ वाजले तरी एकही सुचले नाही. आतून हिचा दबका आवाज येऊ लागला. मी वही मिटली, आत गेलो आणि फोनसाठी हात पुढे केला.