आशेची परीक्षा

कोलकात्यातील बेहाला येथे राहत असताना शेजारच्या एका वयस्क गृहस्थांशी माझा स्नेह जडला. चाळिशीनंतर त्यांचे पाय दुर्बळ होत गेले; पुढे घास गिळणेही कठीण झाले. निदान झाले, केनेडीचा आजार.

या आजारात स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी हळूहळू झिजतात. दोष जनुकात असतो. परंतु त्याला बळ मिळते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे. म्हणूनच तोच दोष असलेल्या स्त्रियांना सहसा फारसा त्रास होत नाही.

हे संप्रेरक घटवणाऱ्या ल्युप्रोरेलिन या औषधाने उंदीर सुधारल्याचे जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. पुढे जपानमध्येच २०४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना औषधाची सुई, काहींना तशीच दिसणारी औषधाविना सुई. कोणाला कोणती, हे रुग्णांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ४८ आठवड्यांनंतर गिळण्यात निर्णायक फरक आढळला नाही. आजार दहा वर्षांहून कमी जुना असलेल्यांत मात्र लाभाची शक्यता दिसली. २०१० मध्ये हा निष्कर्ष जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये जपानने आजाराची गती मंदावण्यासाठी या औषधाला मान्यता दिली.

हे ऐकून ते म्हणाले, “औषधाविना सुई घेणाऱ्यांना काय मिळाले?”

मी निरुत्तर झालो. मग तेच म्हणाले, “त्यांना काही मिळाले नसेल, पण आशा किती धरावी, हे मला त्यांच्यामुळेच कळले.”

उपकार करणारा आणि घेणारा एकमेकांना कधी भेटतही नाहीत. विज्ञान अशाच अनोळखी माणसांच्या धैर्यावर उभे असते.