वाट चुकलेल्यांसाठी प्रार्थना

मनुष्याच्या वाट्यास जी दुःखे येतात, त्यांत आपल्या माणसाने वाट चुकावी या दुःखासारखे जड दुःख दुसरे क्वचितच असेल. आजारास वैद्य आहे, दारिद्र्यास उद्योग आहे; परंतु ज्याच्यासाठी आपला जीव तुटतो त्याने आपण होऊन खड्ड्याकडे चालू लागावे आणि आपली हाक त्याच्या कानी पडूनही मनात उतरू नये, अशा प्रसंगी काय करावे हे भल्याभल्यांस सुचत नाही. ‘देवावर भरवसा ठेवा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो भरवसा म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार आमच्या विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयी मोनिका नामक साध्वीचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. तिचा पुत्र ऑगस्टीन इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मास आला. मुलगा बुद्धीने अत्यंत तल्लख, परंतु तारुण्याच्या भरात स्वैर वागणारा. मातेने त्याच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले. पुढे इ. स. ३८३ मध्ये तो इटलीस जावयास निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती बंदरापर्यंत त्याच्या पाठोपाठ गेली. त्याने तिला थाप दिली, आणि ती जवळच्या प्रार्थनास्थळी रात्रभर प्रार्थना करीत असता त्याचे गलबत निघून गेले. सकाळी त्या मातेस काय वाटले असेल! मागितले ते मिळाले नाही, एवढेच तिला दिसले. परंतु ज्या इटलीस तो जाऊ नये म्हणून ती रडली, त्याच इटलीत, मिलान शहरी, बिशप अँब्रोज यांच्या सहवासात त्याचे मन पालटले, व इ. स. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिकेने समाधानाने देह ठेवला. तिची त्या रात्रीची मागणी नाकारली गेली; तिच्या जन्माची मागणी मात्र पुरी झाली.

इतक्या दूर जावयास नको. आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र या बाबतीत फार बोधप्रद आहे. उभयतांचा विवाह १८८० साली झाला. टिळकांचा स्वभाव फिरता. घर सोडून न सांगता निघून जावे आणि पत्नीने वाट पाहावी, असे प्रसंग त्या संसारात पुन्हा पुन्हा आले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तर लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीजवळ आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी वेगळेच ठेवले, आणि टिळकांनी त्यांच्यावर बळजोरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हा सर्व वृत्तांत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात मोकळ्या मनाने लिहिला आहे.

आम्हांस या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. त्या पाच वर्षांत वाट चुकले होते कोण? पत्नीच्या दृष्टीने पती हरवला होता, आणि पतीच्या दृष्टीने पत्नी अद्याप दूर होती. दोघांच्याही अंतःकरणात परस्परांविषयी तळमळ होती. यावरून प्रार्थना करणाराने नम्र असावे, हे उघड होते. ‘देवा, त्याला माझ्यासारखा कर’ ही प्रार्थना नव्हे. तो आपल्या अभिमानाचा हट्ट होय. ‘देवा, त्याला तुझ्याजवळ आण, आणि मलाही आण’ असे म्हणता आले म्हणजेच प्रार्थनेस आरंभ झाला.

आता थोडे घरचे सांगतो. आमचा एक धाकटा बंधू आहे. तरुणपणी तालमीत घुमलेला, कामास वाघ, बोलण्यात गोड. पुढे संगत बिघडली; पत्ते आले, पत्त्यांमागून दारू आली, आणि एके दिवशी मातोश्रींच्या पाटल्या घरातून नाहीशा झाल्या. तो गाव सोडून गेला. वडिलांनी त्याचे जुगाराचे देणे फेडण्याचे साफ नाकारले. परंतु त्याचे अंथरूण मात्र कोणास हलवू दिले नाही. मातोश्री रोज पहाटे त्याचे नाव घेऊन प्रार्थना करीत. नाव घेताना रागाचा एक शब्दही त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेस महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांस धोक्याची पातळी समजतात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमचे घर नदीकाठच्या भागात असल्याने आम्हांस रात्रीच घर सोडून राजारामपुरीत आप्तांकडे जावे लागले. सर्व मंडळी गाठोडी बांधण्यात गुंतली असता मातोश्रींनी शिडी मागितली, आणि पाणी चढणार नाही इतक्या उंचीवर, भिंतीवर कोळशाने त्या आप्तांचा पत्ता लिहिला. कोणासाठी, हे कोणी विचारले नाही.

पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी तो आला. भिंतीवरचे वाचूनच राजारामपुरीस आला होता. दाराशी उभा राहिला, आत येईना. वडील म्हणाले, “फावडे घे, घरात चिखल फार आहे.” चार दिवस त्याने चिखल उपसला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा निघून गेला.

ही गोष्ट येथेच गोड शेवटाने संपली असती तर वाचकांस बरे वाटले असते. पण ती अजून चालू आहे. तो आता इचलकरंजीस मागावर काम करतो. सणावारी येतो. व्यसन पुरते सुटलेले नाही, परंतु पूर्वी जे मागण्यास येत असे ते माणूस आता आईसाठी औषध घेऊन येते. मातोश्रींची पहाटेची प्रार्थना चालूच आहे.

देव ऐकतो तर विलंब का लावतो, असा प्रश्न आमच्याही मनात येतो. आम्हांस एवढेच उमगले आहे की, देव माणसास बाहुलीप्रमाणे दोरीने ओढीत नाही. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाच्या मागे दूर देशी धावत नाही, त्यास घरात कोंडूनही ठेवीत नाही. परंतु मुलगा अजून दूर आहे तोच त्याला दिसतो. ज्याची नजर वाटेवर आहे त्यालाच दुरून येणारा दिसावयाचा. प्रार्थना ही नजर वाटेवर ठेवते. ती द्वेषास घरात शिरू देत नाही, आणि निराशेने दार लावू देत नाही. देणे न फेडणे व अंथरूण न हलविणे, या दोन्ही गोष्टी एकाच भरवशाची दोन अंगे होत: पापास साहाय्य नाही, आणि पाप्यास मज्जाव नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे रिकामे अंथरूण असेल, तर त्याची लाज बाळगू नका व त्याचे नाव प्रार्थनेतून गाळू नका. आणि तुम्हांपैकी कोणाचे पाऊल आडवाटेस वळू पाहत असेल, तर त्याने एवढे ध्यानात धरावे की, कोणी तरी पहाटे उठून त्याचे नाव घेत आहे. पालकांस आमची विनंती इतकीच: हाक मारणे सोडू नका. परत येण्याचा दिवस देवाच्या हाती आहे; भिंतीवर पत्ता लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.