उलाळ गाडी आणि फोमचे विमान

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस शाळेच्या वाटचालीवर लिहावयास सांगितले होते. त्या विषयावर लिहिणारे आमच्याहून अधिकारी सहकारी आहेत. आम्ही येथे एका पडलेल्या विमानाविषयी आणि त्या दिवशी आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहीत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून त्या विमानाचे साहित्य दिले होते, तेव्हा त्याचा हिशेब त्यांना देणे आमचे कर्तव्यच आहे.

सोलापुरातील होटगी रस्त्यावरच्या विमानतळालगत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी होती. ती 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. शहरात तिच्यावरून बरीच वर्षे वाद चालला होता. आपल्या वसतिगृहातील बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्यामुळे कारखाना हा या मुलांच्या घरचाच विषय, आणि विमान मात्र आकाशातून जाणारी परकी वस्तू. शाळा सुरू होताच प्रश्नांची सरबत्ती झाली. विमानाला चिमणी आडवी कशी येते? ते एवढ्या लांबून खाली का येऊ लागते? मुळात ते वर राहते कशाच्या आधारावर? आम्ही इतिहासाचे एम. ए.; उत्तर देताना आमची भंबेरी उडाली. तेव्हा विज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने एक लहान विमान करूनच पाहावे, असे ठरले.

साहित्य फार नव्हते. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तसला पातळ फोमबोर्ड, गरम गोंदाची बंदूक, चिकटपट्टी, बांबूच्या काड्या, शेपटीच्या हलत्या पट्ट्या ओढण्यासाठी सायकलच्या चाकाचे आरे. एक विद्युत मोटर, तिचा वेग आवरणारे यंत्र, नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन सर्वो मोटरी, लिथियमची बॅटरी आणि हातात धरावयाचा रेडिओ संच एवढेच काय ते मागवावे लागले. बॅटरी जपावी लागते. फुगली वा टोचली गेली तर ती पेट घेते, म्हणून वाळू भरलेल्या एका जुन्या माठात आम्ही तिचा संसार मांडला आणि ती चार्ज होत असताना कोणीतरी समोर बसलेच पाहिजे, असा नियम केला. उडविण्यासाठी विमानतळापासून पुरेसे दूर असे एका पालकांचे शिवार निवडले. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे मोकळ्या, हिरव्या क्षेत्रातही 400 फुटांच्या वर जाता येत नाही, हेही मुलांना समजावून दिले.

बांधणी चालू असताना एका मुलाने विचारले, “सर, जगातलं पहिलं विमान मुंबईत मराठी माणसानं उडवलं, खरं का?” प्रश्न आमच्या हक्काच्या प्रांतातला होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईत विमान उडविल्याचे सांगितले जाते. पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो, तो ग्रंथ 1904 पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली मांडला. उलट राइट बंधूंचे 17 डिसेंबर 1903 चे पहिले उड्डाण अवघ्या 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे. पण त्याचे छायाचित्र आहे, दैनंदिनी आहे, घरी पाठविलेली तार आहे. अभिमान आणि पुरावा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सांगून आम्ही कालामांची कथा सांगितली. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून पाहा, असा बोध भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना केला होता. तास उत्तम झाला. आम्ही स्वतःवर खूश होतो.

डिसेंबरातील एका सकाळी, वारा उठण्यापूर्वी, आम्ही शिवारात पोहोचलो. विमान फेकण्याचे काम नववीतील एका मुलाकडे होते. त्याचे आईवडील त्या वेळी ऊसतोडीवर होते. पूर्वीची दोन वर्षे तोही त्यांच्याबरोबर फडात जात असे आणि मोळ्यांनी भरलेली बैलगाडी कारखान्यापर्यंत नेत असे. त्याने विमान हातात घेतले, पंखाखाली दोन बोटे लावून तोलून पाहिले आणि हळूच म्हणाला, “सर, ही उलाळ व्हतीय बघा.”

ज्यांचा बैलगाडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे. गाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेला जोते आवळते आणि चढावर गाडी मागे कलंडते. तिला उलाळ गाडी म्हणतात. मुलाचे म्हणणे एवढेच होते की, विमानाची शेपूट जड झाली आहे.

आम्ही म्हणालो, “आराखड्यात दिलंय तसंच केलंय. तू फेक.”

त्याने फेकले. विमानाने क्षणात नाक वर केले, अधिकच वर केले, आकाशात थबकल्यासारखे झाले, एका पंखावर कलले आणि नाकावर कोसळले. पंखा तुटला, नाकाचा चुरा झाला. भोवती चाळीस मुले उभी होती. वर्गणी देणाऱ्यांचे चेहरे आमच्या डोळ्यांपुढून गेले. आणि आम्ही त्या मुलाला म्हणालो, “नीट सरळ फेकायला काय झालं होतं तुला?”

तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून तुकडे वेचू लागला.

त्या रात्री झोप लागली नाही. विमानाचा अवशेष टेबलावर घेऊन आम्ही पंखाखाली दोन बोटे लावली. शेपूट सरळ खाली गेली. कारणही मग सापडले. आराखड्यात सांगितलेली बॅटरी महाग म्हणून आम्ही तिच्याहून लहान, हलकी बॅटरी घेतली होती. तिचे वजन नाकाकडचा तोल धरावयाचे. ते कमी पडले. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तृतीयांश अंतरावर अशा विमानाचा तोल साधावा लागतो. आमचा त्याच्या बराच मागे होता. नाक थोडे जड झाले तर विमान आळशीपणाने का होईना उडते. शेपूट जड झाली तर ते हाताबाहेर जाते.

पण चूक केवळ वजनाची नव्हती. कागदावरचे आम्ही वाचले होते आणि हातातले त्या मुलाला कळले होते. कालामांची कथा सांगणाऱ्यानेच आराखड्याचा ग्रंथ केला आणि स्वतःचा गुरू. त्याहून अधिक सलत होते ते त्या मुलाचे गप्प राहणे. वरच्याने दोष लावावा आणि खालच्याने तो मुकाट उचलावा, ही रीत मोडण्यासाठीच तर ही शाळा उभी राहिली. बाबासाहेबांनी जुलै 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि त्या सभेने 1925 च्या जानेवारीत याच सोलापुरात वसतिगृह काढले. हा इतिहास आम्ही दरवर्षी शिकवितो. तेथे मुलांना निवारा आणि अन्न मिळाले, त्याचबरोबर आपला शब्द मोजला जातो हा विश्वासही मिळावयाचा होता. शंभर वर्षांनी, त्याच शहरात, आम्ही एका मुलाचा शब्द मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, वंदना झाल्यावर, आम्ही सर्वांसमोर घडले ते सांगितले: याने आम्हांस सावध केले होते, आम्ही ऐकले नाही, विमान आमच्यामुळे पडले आणि दोष मात्र आम्ही याला दिला. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो लाजला, टाळ्या वाजल्या तशा त्याने मान आणखी खाली घातली. दुपारी मात्र तो आपण होऊन आला, बॅटरी अंगठाभर पुढे सरकविली, नाकात दोन नट चिकटपट्टीने बसविले, पुन्हा बोटांवर तोलून पाहिले आणि म्हणाला, “आता जुवाला लागली.”

त्यानंतर विमान उडाले. पडलेही, पुष्कळदा पडले. नवशिक्याचा हात नको तितका चालतो. थोडे कलले की आपण दांडी पूर्ण उलट ओढतो आणि ते दुसऱ्या बाजूला कोसळते. वीणेच्या तारा फार ताणूही नयेत, फार सैलही सोडू नयेत, हे भिक्खू सोणाला मिळालेले उत्तर आमच्या अंगठ्यांना उशिरा कळले. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते, तेव्हा जो पंख खाली गेला त्याच बाजूला दांडी ढकलायची, ही युक्तीही आम्ही तीन अपघातांनंतर शिकलो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या विमानाचा गोंद सोलापुरी उन्हाने मऊ होऊन पंख सुटला, तेव्हापासून ते सावलीत, वसतिगृहाच्या जिन्याखाली असते.

इतिहासाच्या माणसाची खोड म्हणून आम्ही एक वही घातली आहे. प्रत्येक अपघाताची तारीख, वारा, कोण उडवीत होते आणि कारण काय, असे रकाने तिच्यात आहेत. 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याची विमानसेवा सुरू झाली, त्या दिवसाचीही नोंद मुलांनी हौसेने तिच्यात केली. तो मुलगा आता दहावी उत्तीर्ण होऊन पुढच्या शिक्षणाला गेला आहे. जाताना त्याने वहीत स्वतः पट्टीने रेघ मारून शेवटी एक रकाना वाढविला. त्याच्यावर मथळा लिहिला: “आधी कोणी सांगितले होते?”

पहिल्या अपघाताच्या ओळीत तो रकाना त्याने रिकामा ठेवला होता. तेथे त्याचे नाव आम्ही आमच्या हाताने लिहिले. ज्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी दिली त्यांनी शाळेत यावे, विमान पाहावे आणि ती वहीही अवश्य चाळावी.

जय भीम. नमो बुद्धाय.