सहा मीटर दूर

१.
३१ जानेवारी १९५८. 'एक्सप्लोरर-१' उपग्रह उडाला. आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांची गायगर नळी त्यात होती. कक्षेच्या खालच्या टप्प्यात ती सेकंदाला तीसेक कण मोजायची. खूप वर गेली की शून्य.

२.
ते शून्य खरं नव्हतं. एक कण मोजला की नळीला सावरायला क्षणभर लागतो. तेवढ्यात पुढचे हजारो आदळले, तर ती गप्प होते. व्हॅन अ‍ॅलन यांचे विद्यार्थी कार्ल मॅकिलवेन यांनी तसलीच नळी क्ष-किरणांच्या झोतात धरली. तीही गप्प झाली. मार्चमधल्या 'एक्सप्लोरर-३'वर टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे सलग नोंद हाती आली: आकडा चढतो, अचानक शून्य होतो, उतरताना पुन्हा दिसू लागतो. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे असे सापडले.

३.
९ जुलै १९६२. अमेरिकेने पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा अणुस्फोट केला. पृथ्वीला आणखी एक पट्टा मिळाला, माणसाने केलेला. दुसऱ्याच दिवशी 'टेलस्टार' उपग्रह उडाला. काही महिन्यांत किरणोत्साराने तो निकामी झाला.

४.
भारताच्या 'आदित्य-एल१' यानाचा चुंबकमापी सहा मीटर लांब दांड्यावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये हा दांडा उलगडला. एक संवेदक टोकाला, दुसरा अर्ध्यावर. यानाच्या तारांतून वीज वाहते, तिचंही चुंबकीय क्षेत्र असतं. ते जवळच्या संवेदकाला जास्त जाणवतं, लांबच्याला कमी. दोन्ही आकडे ताडून यानाचा स्वतःचा वाटा वजा करायचा. उरतं ते सौरवाऱ्याचं: साधारण पाच नॅनोटेस्ला. जमिनीवर अलिबागला पृथ्वीचं क्षेत्र चाळीस हजारांच्या वर आहे.

५.
मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं. तिथे १९०४ पासून नोंदी आहेत. ती इमारत चुंबकीय धातू टाळून बांधली.

६.
दक्षिण अटलांटिकवरून जाताना हबल दुर्बीण निरीक्षणं थांबवते. तिथे पृथ्वीचं क्षेत्र दुबळं आहे, किरणोत्सारी पट्टा खाली उतरतो.

७.
४ जून १९९६. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत एरियन-५ फुटलं. त्यावरची 'क्लस्टर' मोहिमेची चारही यानं गेली. पुन्हा चार बांधली. २००० साली ती सोयूझवरून वर गेली.
चारच का? एकट्या यानाचा आकडा बदलला, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सीमा यानावरून सरकली की यान सीमेतून गेलं, हे सांगता येत नाही. चार कोपऱ्यांवर चार यानं असली की दिशा कळते, वेगही कळतो.

८.
ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस 'व्हॅन अ‍ॅलन प्रोब्ज' उडाले. कणमापी ठरल्यापेक्षा लवकर चालू केला. नेहमीच्या दोन किरणोत्सारी पट्ट्यांच्या जागी तीन दिसले. चार आठवड्यांनी सूर्याकडून आलेल्या धक्क्याने तिसरा पुसला गेला. ठरल्या वेळेची वाट पाहिली असती तर त्याचा जन्म निसटला असता.

९.
२ सप्टेंबर १८५९. कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. तिथल्या निरीक्षकांनी वाचनं हाताने लिहून ठेवली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा अभ्यासली. मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळाने क्यूबेक नऊ तास अंधारात होतं. तेव्हाची जागतिक सरासरी घट ५८९ नॅनोटेस्ला. उपग्रह कितीही वाढोत, जमिनीवरची एकही वेधशाळा बंद होऊ देऊ नये.