पाण्याच्या पायऱ्या

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात डिवायझेस नावाचे जुने बाजारगाव आहे. गावाच्या पश्चिमेस केन हिलचा उतार लागतो. पायथ्याशी उभे राहून वर पाहणारा प्रवासी क्षणभर थबकतो. टेकडीवर सरळ रांगेत १६ लॉक चढत गेलेले दिसतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे असलेला हौद. नाव आत आली की मागचा दरवाजा मिटतो, वरचे पाणी आत सोडले जाते आणि पाण्याबरोबर नावही उचलली जाते. उताराच्या वरचे व खालचे धरून असे २९ लॉक आहेत. सव्वातीन किलोमीटरांत नाव सुमारे ७२ मीटर उंची गाठते आणि त्यात जवळजवळ सारा दिवस जातो.

जॉन रेनी या अभियंत्याने आखलेला केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. रेडिंग ते ब्रिस्टल या सुमारे १४० किलोमीटरांच्या जलमार्गामागे हेतू व्यापाराचा आणि भांडवल भागधारकांचे होते. कोळसा, दगड, धान्य यांची वाहतूक त्यावरून होई. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली आणि १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती तिजोरीची किल्ली गेल्यावर जे व्हायचे तेच झाले. माल रेल्वेकडे वळला, दुरुस्ती मागे पडली आणि १९५० नंतर कालवा कायमचा बंद करण्याची तजवीज सुरू झाली. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. उत्पन्न नाही, खर्च मात्र चालूच.

पण काठावरच्या लोकांनी हा हिशेब मान्य केला नाही. १९५६ मध्ये २० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज राणीकडे गेला. १९६२ मध्ये कालव्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी गाळ उपसला, झुडपे तोडली, वर्गण्या जमवल्या. सरकारी जलमार्ग मंडळ आणि स्थानिक परिषदाही पुढे सोबत आल्या. २८ वर्षांनी, ८ ऑगस्ट १९९० रोजी, राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. अर्जावर सही करणाऱ्या कित्येकांना तो दिवस पाहायला मिळाला नसेल.

पूर्वेकडे क्रॉफ्टन येथे १८१२ चे वाफेचे इंजिन आजही कालव्याच्या सर्वांत उंच भागाला पाणी चढवू शकते. रोजचे काम विजेचे पंप करतात; ठरावीक दिवशी मात्र स्वयंसेवक बॉयलर पेटवतात आणि दोन शतकांपूर्वीचे ते यंत्र पुन्हा आपले मूळ काम करू लागते.

आता कालव्यावरून कोळसा जात नाही. हौशी नावाडी आणि सहलीची कुटुंबे जातात. केन हिलवर त्यांच्या मदतीला स्वयंसेवक उभे असतात. लाकडी दरवाजे कुजतात, गाळ साचतो, पाणी झिरपते. म्हणून १९९० मध्ये काम संपले नाही. वडिलोपार्जित ठेव एकदा सोडवून आणली तरी ती दर पिढीला सांभाळावीच लागते, हे त्या काठावर कोणाला सांगावे लागत नाही.